खांद्याचं निमित्त

रविवार, १३ ऑक्टोबर

शेल्बी,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या आईकडून लिहून घेतला. तिनं विचारलं, काय लिहिणार आहेस. मी म्हटलं, ख्यालीखुशाली. म्हणजे सुरुवातच खोट्यानं झाली. पुढे आणखी सापडलं तर शोधून काढ, तुला ती सवय आहेच.

पाच वर्षं झाली तू माझ्याशी बोललेली नाहीस. आईला दर रविवारी फोन करतेस आणि मी डीकनचं काम आटपून, चर्चमधला दानाचा डबा कुलपात ठेवून घरी यायच्या आत बंद करतेस. मला कळत नाही असं समजू नकोस. फोन अजून गरम असतो.

तिनं तुला सांगितलं नसणार, म्हणून सांगतो. सप्टेंबरात आपलं घर फुटलं. रविवारी सकाळी, आम्ही चर्चमध्ये असताना. स्वयंपाकघराचं दार लाथेनं चौकटीसकट आत पाडलं. माझ्या दोन्ही यांत्रिक करवती गेल्या, न्हाणीघरातल्या फळीवरच्या तुझ्या आईच्या गोळ्या गेल्या. ते जाऊ दे. ते लोक आपल्या टेबलाशी बसून जेवले. फ्रिजमधलं हॅम कापून, ताटल्या घेऊन, मस्टर्ड सॉस लावून. आणि जाताना ताटल्या सिंकमध्ये ठेवून गेले, घरच्या माणसांसारख्या. तुझी आई दार पाहून रडली नाही, त्या ताटल्या पाहून रडली.

पुढच्याच मंगळवारी भरदुपारी ती कपडे वाळत घालत होती आणि फाटकाशी एक करडा ट्रक येऊन उभा राहिला. आतला माणूस उतरला नाही. नुसता बघत राहिला. ती ओली चादर छातीशी धरून तशीच उभी, तो जाईपर्यंत. शेरीफचा माणूस पाऊण तासानं आला. वहीत लिहून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "डीकन, घरात काही ठेवता की नाही?"

'काही' म्हणजे काय ते तुला सांगायला नको. या अख्ख्या परगण्यात ज्या घरात 'काही' नाही असं घर एकच आहे, आणि त्याच्या पत्रपेटीवर ट्रॅमेल असं नाव आहे.

आता कालचं ऐक. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वर्षाचं जेवण होतं, बीन्स आणि कॉर्नब्रेड. दरवर्षीप्रमाणे बंदुकीची सोडत. तिकीट दरवर्षी घेतो, नाही घेतलं तर लोकांना सांगू काय. जिंकणाऱ्यानं मर्ल कॉफ्लिनच्या दुकानात जायचं आणि तीन बंदुकांतून हवी ती निवडायची. एक शॉटगन, एक हरणांची रायफल, एक पिस्तूल. वेंडल ट्रॅमेल हे नाव पुकारलं गेलं आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. चोरी झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं ना. आपल्या पाद्र्यानं, ब्रदर एव्हरेटनं, माझ्या पाठीवर हात ठेवला, मग खांदा आठवून पटकन काढला आणि माइकमध्ये म्हणाला, देवानं डीकनचं मोडलेलं दार पाहिलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. तुझी आई वाढायला उभी होती. तिचा डाव हवेत थांबला होता.

घरी येताना पिकअपमध्ये ती म्हणाली, परत देऊन टाक, त्यांना पुन्हा सोडत काढू दे. मी म्हटलं, अजिबात नाही. दुकानात जो फॉर्म भरावा लागतो तो तू तुझ्या नावानं भर, बंदूक आपल्या घरात येऊ दे. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं तुला माहीत आहे, भिंत बरी.

माझ्या नावावर ती होत नाही. का होत नाही ते तुला माहीत आहे आणि मी ते इथे लिहिणार नाही.

तुझं ती ऐकते. तिला सांग, सही कर म्हणून. माझ्यासाठी नको करूस. फाटकाशी तो ट्रक पुन्हा उभा राहिला तर तिच्या हातात ओल्या चादरीपेक्षा काहीतरी बरं असावं, एवढंच मागतो आहे.

तुझा बाप

रविवार, २० ऑक्टोबर

शेल्बी,

उत्तर नाही. आज फोन मात्र आला होता, मला दारातून ऐकू आलं. तुझी आई म्हणत होती, "हो, लिहिलंय त्यानं. नाही, मी वाचलं नाही." मी आत आल्याबरोबर हवामानाचं बोलायला लागली. तुमच्या मिनेसोटात बर्फ पडला म्हणे. पडू दे.

तू तिला सही करू नकोस असं सांगितलंस. तिनं ते कबूल केलं नाही, पण माझी खात्री आहे.

मग आता सरळच बोलतो. तुमच्या दोघींच्या मते मी तो कागद आहे, न्यायालयाच्या तळघरात पडलेला. एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी आपल्या घरात जे झालं, त्याचा तो कागद. शेरीफ आला, खटला झाला, गावात वाच्यता झाली नाही. दोन आठवड्यांनी वकील म्हणाला, गुन्हा किरकोळ आहे, कबूल कर, सही कर आणि घरी जा. मी केली. त्या एका सहीनं जन्मभर बंदुकीला हात लावता येणार नाही, हे त्या वकिलानं सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. मी तेव्हा बरंच काही ऐकत नव्हतो.

दुकानातल्या त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो. घरातल्या माणसाला मारहाण केल्याबद्दल तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? हो किंवा नाही, एका चौकटीत खूण करायची. मी 'हो' केलं तर बंदूक मिळत नाही. 'नाही' केलं तर तो नवा गुन्हा. आणि मर्लचं दुकान म्हणजे काही गुपित राखणारा दवाखाना नव्हे, तिथं कळलेलं संध्याकाळच्या आत लाकूड कापायच्या आमच्या सॉ मिलमध्ये कळतं, बुधवारच्या प्रार्थनेपर्यंत चर्चमध्ये.

तुला इथलं माहीत आहे. नोव्हेंबर आला की शाळासुद्धा बंद ठेवतात हरणांसाठी. ज्या गावात आजारी माणूस खिडकीतून हरीण मारतो, तिथं एक धडधाकट डीकन हंगामात घरी बसतो. लोक विचारतात. पहिल्याच वर्षी विचारलं. मी म्हटलं, खांदा. मिलमध्ये ओंडका लागला, सांधा गेला, बंदुकीच्या दस्त्याचा धक्का बसला तर हात कायमचा जाईल म्हणतो डॉक्टर. बास. एकोणीस वर्षं तेच पुरलं आहे. मी दिवसभर ओकच्या फळ्या उचलून रचतो, व्हिस्कीच्या पिंपांसाठी (स्वतः थेंब घेत नाही आणि जगाच्या पिंपांची तरतूद करतो, यावर ब्रदर एव्हरेटचा विनोद ठरलेला आहे), पण त्या खांद्याबद्दल कुणी शंका घेतली नाही. आणि मग घरात तरी एखादी का नाही, असं कुणी विचारलं की सांगायचो, डार्ला घाबरते. बायकांचं काय.

खटल्याच्या पुढच्या जूनमध्ये मी ओढ्यात बाप्तिस्मा घेतला. तू काठावर होतीस, पिवळ्या फ्रॉकमध्ये. पाण्याखाली गेलो तो माणूस वेगळा होता, वर आलो तो वेगळा. शेरीफ आला त्या रविवारपासून एक थेंब दारू नाही, एकदा हात वर नाही. एकोणीस वर्षं, शेल्बी. देवानं पुसून टाकलं ते सरकारनं तळघरात जपून ठेवावं? आणि देवापेक्षा, सरकारपेक्षा माझ्या पोटच्या मुलीनं?

चोरानं माझ्या ताटलीत जेवून जावं आणि त्याच्या घरी बंदूक असावी, माझ्या नाही. हे कुठल्या पुस्तकात न्याय म्हणून लिहिलंय ते मला दाखव.

तुझा बाप

रविवार, २७ ऑक्टोबर

काल आम्ही मर्लच्या दुकानात गेलो. दोघं. नुसतं बघायला येते, असं कबूल करून तुझी आई आली. चांगला कोट घातला होता, चर्चचा. मला वाटलं, झालं काम.

मर्लला तू विसरली नसशील. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो लहान मुलीसारखं बोलतो. "या, या मिस डार्ला, घाबरायचं नाही हं, ही काही चावत नाहीत." मग त्यानं काउंटरवर मखमल पसरली आणि एक छोटं पिस्तूल ठेवलं, गुलाबी मुठीचं. सोडतीच्या तिघांत हे नव्हतंच, पण बायकांना हेच आवडतं म्हणे, पर्समध्ये मावतं. हवं तर बदलून देतो. तुझ्या आईनं त्या पिस्तुलाकडे असं पाहिलं, जसं कुणी तिला प्लॅस्टिकची फुलं दिली असावीत.

मी हात खिशात घातले होते. तिथं गेलो की मी हात खिशातच ठेवतो. मर्लनं रायफल माझ्यापुढे धरली, मी खांद्याकडे बोट दाखवलं, तो अरे हो अरे हो म्हणत मागे सरला.

मग ती म्हणाली, ती शॉटगन दे. वरची. मर्लनं काढून दिली आणि कशी धरायची ते सांगायला तोंड उघडलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. नळी छताकडे करून तिनं मूठ मागे खेचली, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली, पुढे ढकलली, आणि एका दमात दस्ता खांद्याला लागला. भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाच्या डोळ्यावर नेम. बोट चापाच्या बाहेर. सगळं चार सेकंदांत. मी विसरलो होतो, शेल्बी. खरंच विसरलो होतो. तिच्या बापानं तिला नऊ वर्षांची असताना खारी मारायला शिकवलं होतं. लग्न झालं तेव्हा ती आणि क्लीव्हमामा यांच्यात पैज लागायची आणि क्लीव्ह हरायचा. तिची स्वतःची बंदूक होती, आजोबांची, एकनळी. तो कागद झाला तेव्हा घरात बंदूक ठेवता येईना म्हणून तिनं ती क्लीव्हकडे पोचवली. मी म्हटलं होतं, थोडे दिवस.

मर्ल शुद्धीवर आला आणि म्हणाला, "डार्ला घाबरते, डार्ला घाबरते म्हणून हा वेंडल आम्हाला एवढी वर्षं सांगतोय, आणि इथं बघा! पण तुम्ही डावखुऱ्या आहात हे माहीत नव्हतं."

दस्ता तिच्या डाव्या खांद्याला होता.

ती म्हणाली, "डावखुरी नाही. उजवा खांदा धक्का घेत नाही."

मर्ल हसत सुटला. नवऱ्याचाही खांदा गेलेला, बायकोचाही! "तुमच्या घरात करता तरी काय दोघं, कुस्ती?"

तिनं बंदूक सावकाश मखमलीवर ठेवली. मीही हसलो, शेल्बी. न हसून काय करणार होतो, सांग.

मर्लनं फॉर्म पुढे सरकवला. तिनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. मर्ल माणूस बडबड्या, पण कागदाला पक्का आहे. त्यानं सगळ्यांना विचारतो तेच विचारलं: बंदूक खरोखर तुमचीच ना? दुसऱ्या कुणासाठी घेत नाही ना? घरी कुलूप आहे ना, किल्ली कुणाकडे? मी बोलणार होतो. तिनं पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, मी विचार करून सांगते.

परत येताना पिकअपमध्ये ती काहीतरी बोलली. ते मी लिहीत नाही.

तूच तिला हे शिकवलंस. सही करायची नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, माणसाला नुसतं टांगून ठेवायचं.

रविवार, ३ नोव्हेंबर

शेल्बी,

तू जिंकलीस. तुझी आई क्लीव्हमामाकडे राहायला गेली. गुरुवारी दुपारी, एक बॅग घेऊन. तुला माझ्या आधी कळलं असेल.

हे पत्र मी चर्चला न जाता लिहितो आहे. ताप आहे असा निरोप पाठवला. खांदा, ताप, डार्ला घाबरते. या घरात एवढी आजारपणं मी एकट्यानं आणली.

सांगतो, कारण ती तुला अर्धंच सांगेल. ती कधीच पूर्ण सांगत नाही, ते काम तू करतेस. त्या पिकअपमध्ये ती असं म्हणाली: "खांदा माझा मोडला होता, वेंडल. तू तोही घेतलास."

मी गाडी चालवत राहिलो. उत्तर द्यायला मला पाच दिवस लागले आणि ते मी ओरडून दिलं. गुरुवारी जेवताना तिनंच विषय काढला, शांतपणे. मी ठरवलंय, म्हणाली. बंदूक घेते. पण मग ती माझी. पेटी माझी, किल्ली माझ्या गळ्यात. पेटी कुठे आहे ते तुला कळणार नाही आणि तू विचारायचं नाहीस. सहीचा अर्थ तोच आहे आणि मी खोटी सही करणार नाही. चालेल?

मी विचारलं, म्हणजे माझ्याच घरात मी चोर?

ती म्हणाली, मी तसं म्हटलं नाही.

मी म्हटलं, देवानं मला माफ केलं आहे. सगळ्या चर्चनं पाहिलं आहे.

"हो," ती म्हणाली. "देवाला विचारलंस. चर्चला विचारलंस. मला कुणी विचारलं?"

आणि मी टेबलावर मूठ आपटली. एवढंच. टेबलावर, शेल्बी, लाकडावर. मिठाची बाटली पडली. मी जागेवरून उठलोसुद्धा नव्हतो. ती किंचाळली नाही, मागे सरली नाही, माझ्याकडे पाहतच होती. फक्त तिचा डावा हात वर गेला आणि उजव्या खांद्यावर जाऊन बसला. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. आपला हात कुठे गेलाय हे माझ्या नजरेवरून तिला कळलं, मग तिनं तो खाली घेतला, मीठ झाडून गोळा केलं आणि आत बॅग भरायला गेली.

एकोणीस वर्षं मी बोट लावलं नाही. एकोणीस वर्षं, आणि तिचा हात तिथेच पहारा देत होता. याचा मला किती राग आला असेल याची तुला कल्पना नाही. तिचा आला, त्या हाताचा आला, तुझा तर आलाच. पाच वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला, टर्कीवर सुरी धरलेली असताना, तुझ्या त्या मुलासमोर (आता तो तुझा नवरा आहे, मला लग्नाला बोलावलं नाहीस), तू म्हणालीस की आईचा उजवा खांदा पोर्चच्या पायऱ्यांवरून पडून मोडला नव्हता. मी म्हटलं, बर्फ होता, ती घसरली, तू सात वर्षांची होतीस, तुला काय आठवतंय. तू म्हणालीस, सप्टेंबरात कुठला बर्फ? मी म्हटलं, या टेबलाशी बसून बापाला खोटं पाडणारी मुलगी माझी नव्हे. तू कोट उचललास.

तुझी आई तेव्हाही गप्प बसली होती. त्याचाही राग तू माझ्यावरच काढलास.

घरात आता मी आणि नवं दार. दार मी पिंपांच्या ओकचं केलंय, दोन इंच जाड. ते कुणाच्या लाथेनं पडणार नाही. आत कुणी नाही हा भाग वेगळा.

शनिवार, १६ नोव्हेंबर

शेल्बी,

आज हंगामाचा पहिला दिवस. सकाळपासून सगळ्या डोंगरांतून बार ऐकू येताहेत. क्लीव्हचा निरोप आला, तुझी आई त्याच्याबरोबर गेली आहे, आजोबांची एकनळी घेऊन, डाव्या खांद्यावरून. एकोणीस हंगाम तिनं घरी बसून काढले आणि मी लोकांना सांगत राहिलो की ती घाबरते. या दोन आठवड्यांत मी जेवढं रागावायचं तेवढं रागावून घेतलं. सगळ्यांवर झालं, वकिलावरसुद्धा. सगळे संपले तेव्हा उरला कोण ते तुला सांगायची गरज नाही. तो राग उतरलेला नाही. उतरू नये अशी प्रार्थना करतो आहे, कारण उतरला की मी पुन्हा काहीतरी निमित्त शोधीन.

अकराच्या सुमाराला मर्लच्या दुकानात गेलो. पहिल्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते, बाहेर वजनकाट्याशी गर्दी, आत कॉफी, प्रत्येकाचं हरीण प्रत्येक वाक्याला मोठं होत जातं. ब्रदर एव्हरेट होता, शेकोटीशी म्हातारा होबर्ट होता. आधी ठरवलं होतं की कुणी नसताना जायचं. मग ठरवलं की नाही, आजच.

मर्ल म्हणाला, "काय मग, मिस डार्लांचं ठरलं का? शॉटगन बाजूला ठेवलीय त्यांची."

मी म्हटलं, फॉर्म दे. माझ्या नावाचा.

त्यानं भुवया वर केल्या, खांदा बरा झाला वाटतं, असं काहीतरी म्हणाला आणि दिला. मी काउंटरशी उभा राहून भरला. माझं शिक्षण ओढ्याकाठच्या दोन खोल्यांच्या शाळेतलं, मी सावकाश लिहितो, तुला माहीत आहे तू माझ्या अक्षराला हसायचीस. त्या प्रश्नापाशी आलो. चौकट अगदी लहान आहे. एवढीशी चौकट असेल असं वाटलं नव्हतं.

मर्ल कागद बोट ठेवून वाचतो, वरून खाली. बोट तिथं थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काउंटरवरून वाकून अगदी हळू, प्रेमानं म्हणाला, "वेंडल, चुकीच्या चौकटीत खूण झाली तुझ्याकडून. हा बायकोला मारण्याबद्दलचा आहे. थांब, नवा देतो." आणि त्यानं खरंच नवा, कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला.

तो चांगला माणूस आहे. एकोणीस वर्षं सगळेच माझ्याशी चांगले वागले. तो कोरा कागद मला हवा होता, शेल्बी. पाच दिवस उपाशी असलेल्याला भाकरी हवी असते तसा हवा होता.

मी म्हटलं, चुकून नाही झाली.

हळूच म्हटलं, पण दुकानात बोलणं थांबलं होतं. होबर्टला कमी ऐकू येतं, त्याला काही कळलं नाही. तो शेकोटीपासून ओरडला, "काय रे वेंडल, खांद्याचं काय म्हणतात डॉक्टर?"

मी त्याच्याकडे वळलो आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. माझ्या खांद्याला कधी काही झालं नव्हतं. डार्लाच्या झालं. मी केलं.

 मर्लनं फॉर्म ठेवायचा तिथं ठेवला आणि म्हणाला, सोडत पुन्हा काढायला सांगतो. ब्रदर एव्हरेट माझ्यामागोमाग बाहेर आला नाही. उद्या डीकनचं काम कुणाकडे द्यायचं ते त्यानं ठरवावं, मी डब्याची किल्ली त्याच्या पत्रपेटीत टाकून आलो. येताना क्लीव्हच्या घरावरून आलो. अंगणातल्या झाडाला हरणाची एक मादी टांगली होती, चांगली पुष्ट. तुझी आई तिच्याशेजारी उलट्या बादलीवर बसून सुरी धूत होती. मी फाटकाशी थांबलो, उतरलो नाही. मग मला त्या करड्या ट्रकची आठवण झाली आणि मी निघून आलो. ती कधी येईल, येईल की नाही, मी विचारलं नाही आणि तूही माझ्यासाठी विचारू नकोस.

कोरा फॉर्म मर्लनं परत मागितला नाही. तो मी घरी आणला. त्यावरही नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि त्याच चौकटीत खूण केली. तो या पाकिटात आहे. दुकानातला सरकारकडे राहील, हा तुझ्याकडे ठेव. कुणी पुन्हा तुला विचारलं की सात वर्षांच्या मुलीला काय आठवतंय, तर दाखव. माझ्या वयाचा कुणी विचारील, माझ्यासारखाच.

पायऱ्या नव्हत्या. बर्फ नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट होती, हीच जी चोरांनी पाडली. तू टेबलाखाली होतीस, आणि मग अनवाणी शेजाऱ्यांकडे धावलीस, आणि तू धावलीस म्हणून तुझी आई आज डाव्या खांद्यावरून का होईना नेम धरते आहे.

त्या थँक्सगिव्हिंगला जेवताना तू उजवा खांदा म्हणाली होतीस. उजवाच होता.

वेंडल